मृगाचा माग

अल्फारेटात मार्गशीर्ष सरत आला की ओक आणि हिकरीची पाने गळून जंगल उघडे पडते, आणि बिग क्रीकच्या काठाची हरणे भरदिवसाही नजरेला येऊ लागतात. जॉर्जियातल्या हरणांच्या शिकारीच्या हंगामाचे हे अखेरचे दिवस. अटलांटाच्या उत्तरेला वाढलेल्या या दाट वस्तीच्या शहरात हरणावर बंदूक चालवायला परवानगी नाही. इथे फक्त धनुष्यबाण, आणि तो जानेवारीच्या अखेरीपर्यंत. ज्यांना बंदूकच चालवायची असते ते महामार्ग ४०० धरून उत्तरेला, चॅटहूची राष्ट्रीय वनाच्या डोंगरांत जातात. त्यांच्यातल्या अनेकांच्या खांद्याला अजूनही ती जुन्या घडणीची आखूड बंदूक असते, जिला इंग्रजीत लिव्हर-अॅक्शन कार्बाइन म्हणतात.

इथल्या मराठी घरांत हा विषय हमखास निघतो. ऑफिसातला सहकारी सोमवारी शिकारीची हकीगत सांगतो, मुले शाळेतून काहीबाही ऐकून येतात. बोलणे मराठीत सुरू होते, आणि लगेच डिअर, सीझन, ट्रीस्टँड, कार्ट्रिज असे शब्द येत जाऊन मराठीची तेवढी क्रियापदे उरतात. माझे म्हणणे असे, की या विषयात तरी मराठीला उसनवारीची गरज नाही. झाडावर बांधलेल्या बैठकीला आपण पिढ्यान्‌पिढ्या मचाण म्हणत आलो. व्यासपीठावरचा मंच आणि रानातले मचाण एकाच संस्कृत 'मञ्चा'ची लेकरे. शिकार आपल्या जगण्यातून गेली, तरी तिचे शब्द राहिले आहेत. ते इतक्या अनपेक्षित जागी राहिले आहेत की रोज तोंडात असूनही ओळखू येत नाहीत.

आधी ती बंदूकच घेऊ. कार्बाइन हा शब्द फ्रेंचांकडचा. त्यांच्या हलक्या घोडदळातल्या शिपायाला 'काराबँ' म्हणत, आणि त्याच्याजवळच्या बंदुकीला 'काराबीन'. घोड्यावरून लांब नळी सांभाळता येत नाही, म्हणून ही नळी आखूड. हा शब्द मराठीला मुळीच नवा नाही. जुन्या मराठीत त्याचे कडाबीन असे रूप चांगले रुळलेले होते. युरोपीय शब्दातला 'र' मराठी जिभेवर 'ड' झाला. पोर्तुगीजांच्या 'कार्तुश'चे काडतूस झाले तेव्हाही नेमके हेच घडले. म्हणजे कडाबीन आणि काडतूस एकाच वळणाने मराठीत आले. एक टिकला, दुसरा मागे पडला. काडतुसाच्या मुळाशी कागद आहे: लॅटिन 'कार्ता' म्हणजे कागद, त्यावरून इटालियनमध्ये कागदाची पुंगळी, आणि तिच्यावरून काडतूस. पूर्वी दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत बांधलेली असे आणि शिपाई ती दाताने फोडत. १८५७ साली ज्या काडतुसांवरून भडका उडाला ती दाताने तोडावी लागत, याचे कारण तीही कागदाचीच होती. आज काडतूस पितळेचे झाले, पण नावात कागद तसाच आहे.

दारूची गोष्ट मला याहून गोड वाटते. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. मराठीत हा मूळ अर्थ 'दवादारू' या जोडशब्दात आजही सुखरूप आहे. आजाऱ्याची दवादारू करताना कोणी त्याला मद्य पाजत नाही. औषधावरून स्फोटक पुडीवर हा शब्द कसा गेला असेल, याचा अंदाज चिनी भाषेवरून करता येतो. ज्या चिनी लोकांनी ही पूड प्रथम बनवली त्यांनी तिला नाव दिले ते 'अग्नीचे औषध' अशा अर्थाचे. वैद्यक आणि रसायन यांच्या खटपटीतूनच ती निघाली होती. मराठीत औषधाचीही गोळी आणि बंदुकीचीही गोळी असते, तशीच दारू दोन्हीकडची.

आणि बंदूक? ती एक बी आहे. काळ्या समुद्राकाठच्या पोंटस प्रदेशातून ग्रीकांकडे एक कठीण कवचाचे फळ येई, त्याला ते 'पोंटसचे' असे म्हणत. अरबांनी त्याचे 'बुंदुक' केले. आज हेझलनट म्हणून दुकानात मिळते तेच ते. त्या फळासारख्या गोल मातीच्या गोळ्या धनुष्याने फेकत, म्हणून गोळीला बुंदुक म्हणू लागले, आणि पुढे गोळी फेकणाऱ्या यंत्रालाच ते नाव चिकटले. फारसीच्या वाटेने ते आपल्याकडे आले.

मराठीने बंदुकांना नावे देताना एक सुरेख रीत पाळली आहे. बार कशाने उडतो किंवा कसा भरतात, ते पाहून नाव द्यायचे. जळत्या दोरीने पेटते ती तोड्याची बंदूक, गारगोटीने पेटते ती चकमकीची, नळीच्या तोंडातून दारू ठासावी लागते ती ठासणीची. ही रीत पुढे चालवली तर लिव्हर-अॅक्शनला 'तरफेची कडाबीन' म्हणता येईल. तरफ आपण शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात शिकलेली असते. या बंदुकीत चापाभोवतीचे कडे म्हणजेच तरफ असते. बोटे कड्यात घालून ते खाली आणि पुढे ढकलले की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, मागचा घोडा चढतो. कडे परत ओढले की नवे काडतूस नळीत बसते. काडतुसे मुख्य नळीच्या खाली दुसऱ्या नळीत एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी रांगेत असतात. म्हणून यात टोकदार गोळी चालत नाही. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या बिंदूवर दाबले गेले तर नळीतच स्फोट व्हायचा. तेव्हा गोळीचे नाक चपटे ठेवतात. जॉन ब्राउनिंगने घडवलेली १८९४ची विंचेस्टर ही या घराण्यातली सर्वांत खपलेली. सत्तर लाखांहून अधिक नग निघाले. तिचे 'थर्टी-थर्टी' काडतूस १८९५ साली आले. पहिला तीस नळीच्या व्यासाचा, ०.३० इंच, दुसरा तीस धूररहित दारूच्या वजनाचा, ३० ग्रेन. जॉर्जियाच्या डोंगरात लॉरेलची झाडी इतकी दाट असते की शंभर-सव्वाशे यार्डांपलीकडे काही दिसत नाही. तिथे लांब पल्ल्याची बंदूक नुसते ओझे होते. हंगामाच्या अखेरीस हरणे बावरलेली असतात, ओकची फळे संपत आलेली असतात, आणि संध्याकाळी खाण्याच्या ओढीने ती झाडीच्या कडेला येतात तो वेळ थोडका असतो. चटकन खांद्याला लागणारी आखूड कडाबीन तेव्हा उपयोगाची.

तरफेला इंग्रजीत 'लिव्हर' म्हणतात, त्यात एक मराठी नाते दडलेले आहे. लिव्हर आला लॅटिनमधल्या 'उचलणे'वरून, आणि हे उचलणे आले 'लेविस' म्हणजे हलका यावरून. हा लेविस आणि संस्कृत 'लघु' ही एकाच आदिम शब्दाची रूपे. लघूचेच वैदिक भावंड 'रघु', म्हणजे चपळ. प्राकृतात 'लहु'मधली अक्षरे अदलाबदल होऊन 'हलु' झाले, आणि त्यातून मराठीला हळू आणि हलका हे दोन शब्द मिळाले. म्हणजे लिव्हर, रघु, हळू, हलका हे सगळे एका कुळातले. एकाच मुळातून वेगवान रघु आणि संथ हळू निघावेत, हे मला भाषेच्या स्वभावाचे अस्सल लक्षण वाटते. हलकेपणाचा अनुभव एकच. कोणी त्याने धावला, कोणी त्याने पाऊल न वाजवता चालला. शिकाऱ्याला दोन्ही लागतात.

आता धनुष्याकडे, कारण अल्फारेटाच्या हद्दीत कायदेशीर शस्त्र तेच. या गावाच्या नावाविषयी दोन मते सांगितली जातात. एका मताने ते ग्रीक वर्णमालेतल्या पहिल्या अक्षरावरून, 'अल्फा'वरून, पडले. दुसऱ्या मताने ते 'द ब्लू जुनियाटा' या १८४४ सालच्या लोकप्रिय गाण्यातल्या अल्फाराटा नावाच्या काल्पनिक आदिवासी मुलीवरून आले. मला दुसरे मत अधिक पटते. गावाला १८५८ साली सनद मिळाली, म्हणजे ते गाणे घरोघर माहीत असण्याच्या काळात. आणि गावकरी वर्णमालेपेक्षा गाण्यावरून नाव ठेवतात. पण हे नाव पडण्याच्या वीस वर्षे आधी, १८३८ साली, इथल्या खऱ्या चेरोकी लोकांना सैन्याने पश्चिमेला हाकलून दिले होते, हे विसरता येत नाही. खऱ्या मुली गेल्या, गाण्यातली नावापुरती राहिली. त्या गाण्यातल्या मुलीच्या भात्यात बाण आहेत.

भाता या मराठी शब्दाचे दोन अर्थ: बाण ठेवायचा आणि लोहाराचा. दोन्ही संस्कृत 'भस्त्रे'पासून, म्हणजे चामड्याच्या पिशवीपासून निघाले. योगासनांच्या वर्गात शिकवतात तो भस्त्रिका प्राणायामही त्याच पिशवीचा. बंदुकीच्या चापाविषयी मात्र सावधपणे बोलायला हवे. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य, म्हणून बंदुकीच्या पोटात जुने धनुष्य लपले आहे असे म्हणायचा मोह होतो. मला ते ओढूनताणून वाटते. चापणे म्हणजे दाबणे. केसांचा चाप, कागदांचा चाप आणि बंदुकीचा चाप हे सगळे दाबण्याच्या कामाचे. तिथेच थांबावे. नेम मात्र निश्चित 'नियमा'चा. नेमधर्म पाळणारी आजी आणि नेम धरणारा शिकारी एकच शब्द वापरतात, आणि मन एका जागी स्थिर करणे हा दोघांच्याही नेमाचा गाभा आहे.

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या हरणाचे नाव पाहू. 'हरिण' हे रंगावरून पडले. 'हरि' म्हणजे पिवळसर, तांबूस, हिरवट अशा छटांचा. हरित त्याच कुळातला. 'मृग' हा शब्द मात्र मुळात हरणाचा नव्हताच. वेदांत मृग म्हणजे कोणताही रानटी प्राणी. ऋग्वेदात हत्तीला 'हात असलेला मृग' म्हटले आहे. सिंह मृगेंद्र झाला तो सगळ्या प्राण्यांचा राजा म्हणून, हरणांचा म्हणून नव्हे. माकड शाखामृग, म्हणजे फांदीवरचे जनावर. पुढे हा व्यापक अर्थ आकसत गेला आणि मृग म्हणजे हरिण एवढेच उरले. ज्या जनावराची शिकार सर्वांत अधिक होई त्यालाच 'जनावर' हे नाव बहाल झाले.

इंग्रजीतल्या 'डिअर'च्या बाबतीत अगदी हेच घडले, आणि मराठीशी काही संबंध न येता घडले. जुन्या इंग्रजीत 'देओर' म्हणजे कोणताही पशू. जर्मन भाषेत 'टीअर' आणि स्वीडिशमध्ये 'यूर' यांचा अर्थ आजही नुसता प्राणी असाच आहे. इंग्रजीत तो हरणापुरता उरला. शेक्सपियरच्या 'किंग लिअर'मध्ये उंदीर-घुशींनाही डिअर म्हटलेले सापडते, म्हणजे चारशे वर्षांपूर्वी जुना अर्थ पुरता मेलेला नव्हता. गंगेकाठचे आणि थेम्सकाठचे लोक आपापल्या रानात एकाच जनावराच्या मागे धावत होते आणि दोघांनी एकाच तऱ्हेने आपला शब्द अरुंद केला. मला हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहताना दरवेळी नवल वाटते.

इराणात मृगाला पंख फुटले. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेत तोच शब्द पक्ष्यासाठी वापरला गेला, आणि त्यातून फारसीचा 'मुर्ग' म्हणजे पक्षी, कोंबडी तयार झाला. हॉटेलातल्या मुर्ग मुसल्लममधला मुर्ग आणि आश्रमातला मृग हे सख्खे चुलतभाऊ. त्याची सर्वांत सुंदर खूण मराठीनेच सांभाळली आहे. वाळवंटातल्या त्या उंच, न उडणाऱ्या पक्ष्याच्या फारसी नावातला 'मुर्ग' मराठीत आला तेव्हा मराठी माणसाने त्याचे शहामृग केले. पक्ष्याला मृग का म्हणायचे, असा प्रश्न शाळेत सगळ्यांना पडतो. मराठी कानाला मुर्ग ओळखीचा वाटला नाही, मृग वाटला. आणि हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले दोन भाऊ एका पक्ष्याच्या नावात नकळत भेटले.

आणि मृगाची पावले? 'मार्ग' हा शब्द मृगापासूनच निघाला, असे संस्कृत कोशकार सांगतात. मार्ग म्हणजे मुळात जनावराची वाट, त्याच्या खुरांनी पडलेली पाऊलवाट. त्या मार्गाचा मराठीत माग झाला, तो आपण काढतो. मागावर जाणारा माणूस जनावराच्या पाठीशी असतो, म्हणून 'मागे'. शोधत जाणे, धुंडणे या अर्थाच्या क्रियापदातून 'मागणे' आले. मागणी, मागोवा, मागोमाग ही सगळी एका हरणाच्या पावलांची पिलावळ. महाराष्ट्रात समृद्धी महामार्ग असो की अल्फारेटातून जाणारा महामार्ग ४००, मराठीत बोलताना आपण त्यांना 'मोठी हरिणवाट' म्हणत असतो. नोव्हेंबरात नर माजावर येतात आणि या ४०० क्रमांकाच्या रस्त्याच्या आजूबाजूला हरणे बेभान होऊन गाड्यांसमोर येतात. तेव्हा या शब्दाचा जुना अर्थ चालकाला फार जवळून समजतो.

हंगामाच्या या अखेरच्या दिवसांत दिवेलागणीनंतर पूर्वेला पाहावे. मृग नक्षत्र वर येत असते. मार्गशीर्ष हे महिन्याचे नावच मृगशीर्षावरून आहे, म्हणजे हरणाच्या डोक्यावरून. अनेक मराठी घरांत या महिन्यातले गुरुवार मांसाहाराविना आणि महालक्ष्मीच्या पूजेचे असतात, इथल्या घरांतही. ग्रीकांनी याच ताऱ्यांत ओरायन नावाचा शिकारी पाहिला. आपण पाहिले हरिण. आपला शिकारी त्याच्यामागे, आग्नेयेला तळपणारा व्याध, आणि मृगाच्या पोटातले तीन सरळ तारे हा त्याचा बाण. ऐतरेय ब्राह्मणात याची कथा आहे. प्रजापती मृगाचे रूप घेऊन तांबड्या हरिणीच्या रूपातल्या आपल्याच कन्येच्या मागे लागला, देवांच्या कोपातून जन्मलेल्या रुद्ररूपाने त्याला बाण मारला, आणि ती सगळी मंडळी आकाशात गेली. ती हरिणी झाली रोहिणी. विदर्भात नीलगायीला रोही म्हणतात, तो शब्दही मला या तांबड्या 'रोहित'च्या गोतातला वाटतो. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' हा ग्रंथ लिहिला तो याच मृगावर. वसंतसंपात मृगशीर्षात होता अशा काळाच्या खुणा वेदांत आहेत, या आधारावर त्यांनी वेदांचा काळ मागे नेला. ओरायन हा ग्रीक शब्दच 'आग्रयण'पासून आला असावा, असेही त्यांनी त्यात सुचवले. भाषाशास्त्रज्ञांनी ती व्युत्पत्ती मान्य केली नाही. तरी तुरुंग, वर्तमानपत्र आणि राजकारण यांच्यामध्ये एका नक्षत्राच्या नावाचा एवढा ध्यास घेणारा पुढारी आपल्याला लाभला, याचा मला अभिमान आहे.

आता ज्या कृत्यासाठी हे सारे, त्याचे नाव. मराठीत त्याला तीन शब्द आहेत आणि तिघांची सामाजिक पत वेगळी आहे. मृगया राजांची आणि काव्यांतली. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लासा'त राजाच्या करमणुकींत तिला जागा दिली. शिकार फारसीतून आली ती दरबाराबरोबर, आणि पुढे साहेबाबरोबर राहिली. पारध मात्र देशी. बाराव्या शतकातल्याच हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'पारद्धी' हे रूप संस्कृत 'पापर्द्धि'पासून साधले, म्हणजे 'पापाची वाढ'. हेमचंद्र जैन मुनी होता. एका शब्दाच्या व्युत्पत्तीत त्याच्या धर्माचा निवाडा उतरला आहे असे मला वाटते. तेराव्या शतकातल्या चक्रधरांच्या लीळांत पारध्यांपुढे जीव घेऊन पळणारा ससा स्वामींच्या आश्रयाला येतो, तिथेही हाच निवाडा अधिक मायेने दिला आहे.

तो निवाडा कृत्यापुरता राहिला असता तर तक्रार नव्हती. तो माणसांवर बसला. ज्यांचा धंदा पारध, ते पारधी; फास लावून हरणे-तितर धरणारे फासेपारधी; कुठे त्यांनाच हरणशिकारी म्हणत. 'फास' म्हणजे संस्कृत 'पाश'. धंद्याचे नाव जातीचे झाले, आणि इंग्रजांच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कचाट्यात सापडून जातीचे नाव गुन्ह्याचे झाले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. गावोगावच्या चौकीत आणि लोकांच्या बोलण्यात तो अजून रद्द व्हायचा आहे. एकच हरिण मारणाऱ्या दोघांपैकी बंदूकवाला शिकारी म्हणून दिवाणखान्यात फोटोत राहिला आणि फासवाला पारधी म्हणून पोलिसांच्या यादीत गेला. हा अन्याय मराठी भाषेच्या तोंडून झाला आहे, आणि 'पारधी' हा शब्द उच्चारताना आपण त्याची लाज बाळगली पाहिजे.

ज्याला मारायचे त्याला आपण सावज म्हणतो. हा शब्द 'श्वापदा'पासून आला. श्वापद म्हणजे कुत्र्यासारखे पाय असलेले, अर्थात हिंस्र जनावर. गुजरातीत सावज म्हणजे आजही गीरचा सिंह. मराठीत सावज म्हणजे ज्याच्यावर कोणी टपून बसले आहे ते. सीमेच्या पलीकडे जो झडप घालतो, तो अलीकडे येऊन झडप झेलणारा होतो. मराठी सावजाला शिकाऱ्याच्या नजरेतून पाहते, गुजराती सावजाला त्याच्या स्वतःच्या बळातून.

जॉर्जियाच्या ज्या डोंगरांत आज हंगाम चालतो तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरिण जवळजवळ उरले नव्हते. कातड्यांचा व्यापार त्याआधी दीड शतक चालला होता; सवाना नदीकाठचे ऑगस्टा हे त्याचे मोठे ठाणे. डॉलरला 'बक' म्हणतात तो नर हरणाच्या कातड्यावरून, असे बहुतेक कोशकार मानतात. आर्थर वुडी नावाच्या वनरक्षकाने १९२०च्या दशकाच्या अखेरीस पाडसे आणून ब्लू रिजच्या डोंगरात सोडली आणि सांभाळली. तिथून हरणे पुन्हा वाढली. आज कायदा दिवस ठरवतो, संख्या ठरवतो, कमरेच्या वर भडक नारिंगी रंग घालायला लावतो. हा 'ऑरेंज' आपल्याच 'नारंगा'चा, फारसी-अरबीतून फिरून गेलेला. पाडस या शब्दाला मराठी वाचकाच्या मनात या दक्षिणी रानाची ओळख आधीपासून आहे. मार्जोरी रॉलिंग्जची 'द यर्लिंग' ही जॉर्जियाच्या शेजारच्या फ्लोरिडात घडणारी कादंबरी राम पटवर्धनांनी 'पाडस' या नावाने मराठीत आणली. 'यर्लिंग' म्हणजे वर्षाचे झालेले. पटवर्धनांनी वय सोडून माया घेतली. महाराष्ट्रात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर हरणांची शिकार गुन्हा ठरली, आणि कर्जतजवळच्या रेहेकुरीत काळविटांसाठी अभयारण्य झाले. माझ्या मते दोन्ही गोष्टी आपापल्या जागी योग्य आहेत.

'हंगाम' फारसी, अर्थ वेळ. ऊस गाळपाला, आंब्याला, लग्नांना आपण तो वापरतो, हरणाच्या शिकारीलाही चालेल. इंग्रजी 'सीझन' मात्र लॅटिनमधल्या 'पेरणी'पासून निघाला. तेव्हा 'डिअर सीझन' या दोन शब्दांचे मूळ उकलून मराठीत मांडले तर 'मृगाची पेरणी' असे होते. आणि ही तर आपल्या शेतकऱ्याची रोजची भाषा! जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागला की पेरणीची घाई होते. तेव्हा सूर्य मृगात असतो म्हणून ते नक्षत्र दिसत नाही. दिसतो मृगाचा लाल मखमली किडा आणि पाऊस. सहा महिन्यांनी तेच नक्षत्र रात्रभर डोक्यावर असते, आणि अल्फारेटाच्या उत्तरेला कडाबिनींचे शेवटचे बार होत असतात.

मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर रानात राहून गोंड, माडिया, पारधी यांच्या तोंडून जनावरांची आणि झाडांची नावे वेचली. २०२५ साली ते गेले. त्यांच्यानंतर हे काम एका माणसाने करण्याचे राहिलेले नाही. ज्यांनी ठासणीची बंदूक भरली, हाका घातला, शिकारीच्या मांसाचे वाटे गावात वाटले, अशी कायद्याच्या आधीची पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. अल्फारेटातून किंवा आणखी कुठून पुढच्या सुट्टीत कोकणात, विदर्भात, मराठवाड्यात जाल तेव्हा अशा एखाद्या आजोबांजवळ बसा आणि त्यांच्या तोंडचे शब्द त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या. फासांची, जाळ्यांची, खुरांच्या ठशांची, हरणाच्या आवाजांची नावे विचारा. शब्दाशेजारी गावाचे नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.